गाठ मारलेला बॉल

"चपला बाहेर. आणि आधी चुन्यात पाय," मी म्हणाले, तेव्हा दोन्ही गावचे कॅप्टन एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी फायनलला हे एकमेकांना पाणी पाजायला निघालेले, आणि बारावीतली एक पोरगी त्यांना दारातच पाय पांढरे करायला लावत होती. पण आत आठवड्याचीही न झालेली पिल्लं होती, आणि रोगाला कोण कॅप्टन नि कोण शिपाई हे कळत नाही. माझ्या मागून दादा म्हणाले, "ती म्हणती तसं करा. त्या खोलीत माझंबी काही चालत नाही."

ते खरंच होतं. दादा म्हणजे माझे वडील, रंगनाथ गांगुर्डे. आमच्या निफाडच्या पट्ट्यात त्यांना सगळे 'रंगनाथ पंच' म्हणत. व्हॉलीबॉलच्या मैदानावर त्यांच्या शिट्टीपुढं कुणाचा भाचा नाही की कुणाचा मेव्हणा नाही. घरात मात्र पोल्ट्री आईची आणि माझी, आणि त्यातली ब्रूडरची खोली, जिथं नवीन पिल्लं ऊब देऊन जगवतात, ती माझी एकटीची. चारी बाजूंनी गोणपाटाचे पडदे, वर मोठाले बल्ब, मधे कोळशाची शेगडी. बाहेर पौषाची थंडी अशी, की पहाटे द्राक्षाच्या पानांवर दव गोठायचं, आणि आत वैशाख.

तिथं बॉल कसा आला, ते सांगायला हवं. आमच्या चांदखेड्याची खंडोबाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते आणि जत्रेच्या सकाळी व्हॉलीबॉलची फायनल असते. मैदान आमचं, पण त्या वर्षी फायनलला आमचं गाव नव्हतं. एका बाजूला भोरवाडी, दुसऱ्या बाजूला तळेगव्हाण. या दोन गावांचं एकमेकांवाचून भागत नाही आणि एकमेकांशी पटत नाही. पूर्वी कधी तरी हवा कमी केल्याचा आळ आला होता आणि फायनल मैदानावर संपण्याऐवजी दवाखान्यात संपली होती. तेव्हा दादांनी एक रीत घालून दिली. आदल्या संध्याकाळी दोन्ही कॅप्टनसमोर बॉल भरायचा. दोघांनी अंगठ्यानं दाबून बघायचा. मग तो पांढऱ्या फडक्यात बांधून दोघांनी एकेक गाठ मारायची. एकदा गाठ बसली की सामना संपेपर्यंत त्या बॉलला पंप लागणार नाही. पंपाला हात लागला की भांडण आलंच, असं दादांचं म्हणणं. लोकांना ते पटलं आणि बरीच वर्षं निभावलंही.

एरवी बांधलेला बॉल देवळाच्या ओवरीत राहायचा. ओवरीला दार नाही. त्या वर्षी तळेगव्हाणचे लोक अडून बसले, की जागा कुलपाची पाहिजे आणि उजेडाची पाहिजे. जत्रा कमिटीचे अध्यक्ष कारभारी आप्पा मोगल यांना काही सुचेना. तेव्हा दादाच पुढं होऊन म्हणाले, की आमच्या ब्रूडरला कुलूप आहे, रात्रभर बल्ब असतात, दोन्ही गावचा एकेक म्हातारा दारात बसू द्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर कॅप्टन पाय पांढरे करून आत आले. तळेगव्हाणचा सुदाम वाघचौरे हा पक्का शूटर. उंचापुरा, बोलायला कमी. त्याचा फटका समोरच्याच्या हाताला लागला तर बोटं झिणझिणायची, असं पोरं सांगायची. भोरवाडीचा भागवत निकम त्याच्या खांद्याइतका. त्याच्या संघात असा शूटर नव्हताच. ते बॉल उचलून, फिरवून, मोकळी जागा बघून अलगद टाकणारे. भागवत आमच्याच कॉलेजात, माझ्यापुढं दोन वर्षं. निफाडची एसटी एकच, त्यामुळं येता-जाता बोलणं व्हायचं. तो मला आवडायचा. एवढंच. त्याला ते माहीत नव्हतं, आणि घरात तर कुणालाच माहीत नाही अशी माझी समजूत होती.

बॉल बाहेर ओट्यावर भरायचा होता. पण बाहेर हात आखडत होते, सुई पंपात बसेना. सुदामच म्हणाला, आतच भरू की. मग शेगडीजवळ बसून दादांनी बॉल भरला. पिल्लं त्यांच्या पायांभोवती फिरत होती. दोघांनी अंगठे दाबून बघितले. सुदामनं बॉल जमिनीवर एकदा आपटला, आवाजानं सगळी पिल्लं एका कोपऱ्यात जमा झाली आणि मी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं. तो हसला. "बॉल एक नंबर झालाय, पंच," तो म्हणाला. गाठी बसल्या. बॉल कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. कुणाचाच पाय तिथून निघेना, इतकी ऊब होती. आईनं चहा दिला तोही सगळ्यांनी आतच घेतला.

निघताना भागवत दारात मला कप परत देत म्हणाला, "आता बॉल तुझ्या पदरात आहे. जरा आमच्याकडं बघ."

"पिल्लं दोन्ही गावची आहेत," मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. दादा कुलूप लावत होते.

त्या रात्री मी दादांकडून किल्ली घेऊन नेहमीसारखी पिल्लं बघायला आत गेले. शेगडीत कोळसे टाकायचे असतात, पिल्लं बल्बखाली गर्दी करून एकमेकांना चिरडत नाहीत ना ते बघायचं असतं. दारात शेकोटी करून दोन म्हातारे बसलेले. मी आत जाताना ते माझे हात बघायचे, बाहेर येताना पुन्हा हात बघायचे. पोल्ट्रीवाल्याच्या घरी चोर कोंबडीवर नाही, हवेवर लक्ष ठेवून आहे, याचं मला हसू येत होतं.

पहाटे दादांनी अंघोळ करून बॉल बाहेर काढला. फडक्यासकट, दोन्ही तळव्यांवर, प्रसादाचं ताट न्यावं तसा. म्हाताऱ्यांनी गाठी बघितल्या, जशाच्या तशा होत्या. बॉल आधी देवापुढं ठेवला, मग मैदानातल्या टेबलावर. तिथं नारळ फुटला, आणि मग भाषणं सुरू झाली. जिल्हा परिषदेचा कुणी तरी सदस्य आला होता. त्याला थंडी वाजत नसावी, कारण तो थांबायचं नाव घेईना. लोक कानटोप्या ओढून, हात काखेत घालून उभे. तोंडातून वाफा निघत होत्या. बॉल टेबलावर, फडक्यात.

भाषण संपलं. दोन्ही कॅप्टननी गाठी सोडल्या. दादांनी बॉल हातात घेऊन अंगठा दाबला आणि त्यांचा चेहरा मी बायकांच्या घोळक्यातूनही बघितला. त्यांनी पुन्हा दाबला. मग सुदामकडं दिला.

सुदामनं दाबला आणि म्हणाला, "बॉल बसलाय."

कुणी तरी पंप आणायला धावलं. भागवत म्हणाला की पंप लागणार नाही, एकदा गाठ बसली ती बसली, नियम आहे. त्याचंही काही चुकलं नव्हतं. नरम बॉल त्यांच्या पथ्यावर पडणार होता, आणि कोल्हा काकडीला राजी. सगळे दादांकडं बघायला लागले. दादांनी त्या क्षणी पंप मागवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्यांना आपल्या शब्दाचा भलताच अभिमान. "नियम मी केला. मीच कसा मोडू? खेळा," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

सुदामनं मारलेला प्रत्येक फटका त्या दिवशी जाळीपलीकडं जाऊन मरायचा. तो उडी मारायचा, हात पूर्ण फिरायचा, आणि बॉल मात्र ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा वाजायचा. भोरवाडीच्या पोरांनी तो आरामात उचलला. पहिला गेम गेला. सुदामनं बॉल दादांच्या पायाशी आपटला आणि विचारलं, पंच, हवा कुणी काढली. मग तळेगव्हाणची माणसं दोरीच्या आत आली, भोरवाडीचीही आली, जाळीचा एक खांब उपटला गेला आणि तो सुदामच्याच उजव्या मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही, पण सुदामचा ऐकला. तेवढ्या उंच माणसाच्या तोंडून तसला आवाज निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

सुदामला निफाडला नेलं. मैदान रिकामं झालं. आणि मग लोकांची तोंडं सुटली. गाठी शाबूत, कुलूप शाबूत, पण सुई तर फडक्यातूनही जाते. खोलीची किल्ली कुणाकडं? रंगनाथकडं. नरम बॉलवर खेळा असं कोण म्हणालं? रंगनाथ. पंचाला भोरवाडीनं फोडलं, हे दुपारपर्यंत जत्रेतल्या पाळण्यावाल्यालाही माहीत झालं होतं.

कारभारी आप्पांनी निरोप धाडला. पोलीस यायच्या आत देवळातच निकाल लावायचा. जे कुणी त्या खोलीत गेलं त्यानं बेल-भंडारा उचलायचा. म्हणजे देवापुढं उभं राहून बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घ्यायचा आणि सांगायचं, की मी हे केलेलं नाही. खरं असेल तर काही नाही. खोटं असेल तर खंडोबा बघून घेतो. आमच्याकडं खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरत नाही, असं मानतात. दादा तर मानतच होते. त्यांच्या चुलत्यानं बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला होता आणि त्याची दोन्ही मुलं एकाच पावसाळ्यात गेली, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत.

दादा जेवले नाहीत. टोपी घालून निघाले. मी म्हणाले, मीही येते, मीही खोलीत गेले होते. ते म्हणाले, "तू नाही यायचं. बोलावलं तर बघू." त्यांचा आवाज वेगळाच लागला. मला वाटलं, अपमानानं लागला असेल. मला स्वतःला काडीची भीती नव्हती. दादांनी बॉलची हवा सोडली असेल, हे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. दादा भंडारा उचलतील, मी उचलीन, आणि ज्यानं केलं असेल तो देव जाणे.

मी पिल्लं बघायला गेले. भांडणाच्या धांदलीत आईनं मैदानाच्या कडेला पडलेला बॉल उचलून आणला होता आणि उगाच कुणाच्या नजरेत नको म्हणून आत, त्याच फळीवर ठेवला होता. फळी पुसायला म्हणून मी तो उचलला. दाबायचं मनातही नव्हतं. पण हातालाच कळलं. बॉल टणक होता. सकाळी सुदामचे फटके मेले तो हाच बॉल, आणि आता अंगठा आत जाईना. पंप कमिटीच्या पेटीत, देवळात. त्याला कुणी हात लावला नव्हता.

मी तिथंच पिल्लांखाली पसरलेल्या भाताच्या तुसात बसले. आणि मग हळूहळू सगळं उलगडत गेलं. आम्हाला त्याच वर्षी शिकवलं होतं, बंद जागेतली हवा तापली की जोरानं दाबते, गार झाली की ढिली पडते. कॉलेजात ते एका काचेच्या नळीत बघितलं होतं, आणि ते व्हॉलीबॉललाही लागू पडत असेल हे कुणाच्या बापाच्या लक्षात येणार? बॉल भरला तो वैशाखात, खेळला तो पौषात. हवा कुठंच गेली नव्हती. कुणी सोडलीच नव्हती. एरवी बॉल बाहेरच्याच थंडीत भरायचे आणि ओवरीत तो बाहेरच्याच थंडीत राहायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं. यंदा आम्ही सगळ्यांनी मिळून, ऊब हवी म्हणून, तो शेगडीशेजारी भरला होता.

बॉल काखेत मारून मी देवळाकडं पळत सुटले. आई मागून हाका मारत होती.

देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही गावं बसली होती. मधे आप्पा, त्यांच्यापुढं भंडाऱ्याचं ताट. सुदाम हात गळ्यात बांधून परत आला होता, तोंड पांढरं पडलेलं. भागवत खाली मान घालून खांबाला टेकलेला. आणि दादा एका बाजूला उभे होते, उन्हात, एकटे. मी धापा टाकत म्हणाले, की हवा कुणीच सोडलेली नाही, हा बघा बॉल, पंप न लावता भरलाय.

कुणी तरी हसलं. "पंप मारून आणलाय. बाप निस्तरंना तर लेक आली."

आप्पा म्हणाले, "वैजू, घरी जाय. रंगनाथनं कबूल केलंय."

मला ते कळायलाच वेळ लागला. मी विचारलं, काय कबूल केलंय?

"हवा मीच सोडली म्हणाला. भंडारा उचलायची पाळी आली तर हात मागं घेतला, अन् सांगितलं, मीच सोडली. कशापायी सोडली त्ये काही सांगत नाही."

मी दादांकडं बघितलं. दादांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते म्हणाले, "घरी जा पोरी. पाया पडतो तुझ्या." बापानं लेकीला सगळ्या गावापुढं असं म्हणावं, याची मला इतकी लाज वाटली, आणि रागही आला, की मी घरी जाणं शक्यच नव्हतं.

देवळासमोर उसाच्या रसवाल्याची गाडी होती. त्याच्याकडं गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. मी त्याला फोडायला लावली. त्यानं एकदा आप्पांकडं बघितलं आणि फोडली. बर्फ त्याच्या टबात भरला, सुदामला बॉल दाबून बघायला लावला, मग तो बर्फात पुरला, वर गोणपाट टाकलं आणि सुदामला म्हणाले, "आधी दाबून बघितलंत ना? आता बसा इथं. कुणाला हात लावू देऊ नका."

सगळे बसले. लोकांना तमाशा हवाच असतो, आणि जत्रेत तो फुकट मिळत होता. मधे कुणी तरी खोकत होतं. लांब पाळण्याचं कर्कश गाणं चालू होतं. दादा तसेच उन्हात उभे. मी त्यांना सावलीत या म्हणाले, तर ते हललेसुद्धा नाहीत.

बऱ्याच वेळानं मी गोणपाट काढलं. सुदामनं डाव्या हातानं बॉल उचलला, मांडीवर घेतला, अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं बॉल कानाशी धरला, हवा निघते का ऐकलं. मग तो उन्हात पायरीवर ठेवला आणि आपण त्याच्याशेजारी बसून राहिला. बर्फातून काढलेला बॉल उन्हात पुन्हा हळूहळू ताठला. सुदामनं तो सगळ्यांच्या हातातून फिरवला. भोरवाडीच्या, तळेगव्हाणच्या, आमच्या. 

"खरंय," सुदाम म्हणाला. "हवा कुठं गेलीच नाही. थंडीनं बसला त्यो." त्याचं मनगट मोडलं होतं ते उगाचच मोडलं होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं असणार. पण तो तेवढंच बोलला.

मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. मी दादांकडं बघून हसलेसुद्धा.

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. ते वाईट माणूस नव्हते. दादांचे जुने दोस्त होते. ते हळू आवाजात म्हणाले, "रंगनाथ, पोरगी म्हणती त्ये मला पटलं. हवा कोन्हीच सोडली नाही. मग तू देवापुढं खोटं कशापायी बोलला?"

दादा भंडाऱ्याच्या ताटाकडं बघत होते.

"तुला कोन्ही दम दिला का?"

दादांनी मान हलवली, नाही.

"मग? न केलेलं पाप मानूस आपल्या डोक्यावर कशाला घेईल?" आणि हे म्हणता म्हणता आप्पांची नजर दादांवरून सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांच्यामागोमाग बाकीच्यांचीही. मला काही समजेना. मग आप्पा मलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "त्याच्यामागं तुझीच पाळी व्हती."

भागवतनं मान आणखी खाली घातली.

आप्पांनी निकाल दिला तो असा. सामना रद्द. सुदामच्या औषधपाण्याचं जत्रा कमिटी बघेल. आणि रंगनाथ गांगुर्ड्यांनी यापुढं शिट्टी धरायची नाही. "पंच म्हंजे खरं बोलनारा. तू हवा सोडली असती तरी गेला असता, नाही सोडली तरी गेला. देवापुढं खोटं बोलला ना." एकानंही विरोध केला नाही. सुदामनंही नाही. दादांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांचे डोळे भरून आले होते, दादांचे नाही.

दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मैदानाकडं पुन्हा फिरकले नाहीत. जत्रेच्या दिवशी सकाळी ते लांबच्या वावरात जाऊन बसायचे, आणि शिट्ट्यांचा आवाज यायला लागला की मोटर चालू करायचे. लोक सांगायचे, रंगनाथ पंच मोठ्या मनाचा, पण शेवटी घसरला. कशानं घसरला ते कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही. आईनंही कधी विचारलं नाही. भागवत त्या दिवसापासून एसटीत मागं जाऊन बसायला लागला, आणि मी त्याला कधी विचारलं नाही की का.

पण हे सगळं नंतरचं. मला आठवतो तो त्या दिवशीचा घरी जायचा रस्ता. दादा पुढं, मी मागं, बॉल माझ्या काखेत. ऊन उतरत होतं आणि गारवा पुन्हा सुटायला लागला होता. मी संतापले होते. मी म्हणाले, की मी इतकी धावपळ केली, सगळ्यांपुढं बर्फात हात घातले, आणि तुम्ही आधीच जाऊन मान तुकवलीत. कशासाठी? कुणाला घाबरलात?

दादा थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा.

"म्हंजे तू नाही सोडली?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही तरी चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, हळू, आजारी माणसाला विचारावं तसं. "त्यो दारात तुला म्हणाला ना, आमच्याकडं बघ. तू हसली. रातीतून तूच आत-बाहेर करत व्हती. मी सकाळी बॉल दाबला अन् मला वाटलं... त्ये बर्फाचंबी तू मला सोडवायलाच करती, असं वाटलं..." मग त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला अजून सहन होत नाही. त्यांचा चेहरा उजळला. सगळं गमावून आलेला तो माणूस मोठ्ठा श्वास सोडून हसला, आणि म्हणाला, बरं झालं बाई, लई बरं झालं.

मी हसले नाही. माझ्या आत काही तरी गार पडलं. ज्या माणसाबद्दल माझ्या मनात क्षणभरही शंका आली नव्हती, त्यानं माझ्याबद्दल सकाळपासून ते मनात धरलं होतं. आणि धरून, माझ्यासाठी स्वतःला संपवून आला होता. त्याचं काय करायचं, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

"मला एकदा विचारायचं तरी होतं दादा," मी म्हणाले. "मी गेले असते. भंडारा उचलला असता."

"त्याचंच तर भेव वाटलं," दादा म्हणाले.